पाककृती ओव्हनपाशीच का थांबते?

महोदय,

केक-बिस्किटांची कुठलीही छापील कृती घ्या, शेवटचं वाक्य बहुधा एकच असतं : ‘गार झाल्यावर कापा.’ केक घरातच संपणार असेल तर तेवढं पुरतं. पण घरी भाजलेलं बरंचसं आपण कुणाला तरी देण्यासाठी करतो. ते त्यांच्या हाती पडेपर्यंत चार-सहा तास जातात, कधी दोन दिवसही. चांगला झालेला पदार्थ बिघडतो तो याच वेळात, आणि त्याबद्दल कृतीत अवाक्षर नसतं.

मुळात ‘गार’ म्हणजे किती, हेच कुणी सांगत नाही. ओव्हनमधून काढलेला केक दहा मिनिटं टिनमध्येच राहू द्यावा. लगेच उलटला तर तुटतो, तासभर ठेवला तर वाफ कोंडून तळ ओला होतो. मग तो जाळीवर काढावा, म्हणजे खालूनही वारा लागतो. वरून हाताला गार लागला तरी पोटात ऊब असतेच. किलोभराचा केक पूर्ण निवायला दोन-तीन तास लागतात. त्याआधी डब्यात भरला की वाफेचं झाकणावर पाणी होतं, थेंब केकवर पडतात, वरचा पापुद्रा चिकट होतो आणि तिथेच बुरशी धरते. घाईत केलेल्या पॅकिंगची ही सर्वांत मोठी चूक.

दुसरी चूक म्हणजे कुरकुरीत बिस्किटं आणि मऊ केक एकाच डब्यात भरणं. केकमधला ओलावा बिस्किटं ओढून घेतात आणि एका रात्रीत सादळतात. मध्ये बटर पेपर घातल्याने हे टळत नाही. डबे दोनच हवेत.

फ्रीजबद्दलही गोंधळ आहे. साधा पाव फ्रीजमध्ये ठेवला तर बाहेर ठेवण्यापेक्षा लवकर शिळा लागतो, कारण त्यातलं पिष्ट त्या थंडीत झपाट्याने कडक होतं. दोन दिवसांत संपणार नसेल तर काप करून घट्ट गुंडाळून थेट फ्रीझरमध्ये, उणे 18 अंशांना ठेवावा. क्रीम किंवा कस्टर्ड भरलेल्या केकचं उलट. तो 5 अंशांच्या खालीच हवा. बाहेर दोन तासांहून जास्त नको, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. म्हणून लांब न्यायचा केक बिनक्रीमचा करणं केव्हाही शहाणपणाचं.

डब्यावर चिठ्ठी लावायलाच हवी. केल्याची तारीख, कुठे ठेवायचं, आणि आत काय आहे : गहू, दूध, अंडी, शेंगदाणे, बदाम-अक्रोड, तीळ, सोया. ज्याला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी आहे त्याला तीच सुरी, तेच भांडं न धुता वापरलं तरी धोका होऊ शकतो. म्हणून नुसतं ‘यात शेंगदाणे नाहीत’ एवढ्यावर थांबू नये. त्याच ओट्यावर शेंगदाणे हाताळले असतील तर तेही लिहावं.

आवडलेल्या पदार्थाची कृतीही मागितली जाते, आणि इथे कपाचं माप दगा देतं. चमच्याने हलकेच भरलेल्या कपात मैदा 120 ग्रॅम बसतो, पिशवीत कप खुपसून दाबून भरला तर 150. तीन कपांत 90 ग्रॅमचा फरक! कृती मागून नेणाऱ्यांचा केक कोरडा, चिवट होतो तो हात वाईट म्हणून नव्हे. वजनाची कृती मात्र सहसा फसत नाही : टरफलाशिवाय 200 ग्रॅम अंडी (साधारण चार), तेवढंच बटर, तेवढीच साखर, तेवढाच मैदा, दीड सपाट छोटा चमचा बेकिंग पावडर, 20 सेंमीच्या खोल गोल टिनमध्ये 170 अंशांना साधारण 50 मिनिटं, काडी कोरडी निघेपर्यंत. गोल टिन नसेल तर 18 सेंमीचा चौकोनी चालतो, क्षेत्रफळ जवळपास तेवढंच. पंख्याच्या ओव्हनला 20 अंश कमी ठेवावेत. बेकिंग पावडर मात्र ‘थोडी जास्त’ नको. केक भराभर फुगतो आणि मधोमध खचतो.

आपल्या पुरवणीतल्या केक-बिस्किटांच्या प्रत्येक कृतीखाली ग्रॅममधली मापं, टिनचा आकार, निवण्याचा वेळ आणि किती दिवस कुठे टिकेल, एवढं कृपया छापावं. जागा फार तर चार ओळींची लागेल.

– एक वाचक