एकटा राहू नकोस

मुंबई,
११ जुलै २०२१

प्रिय मित्रा,

परवा फोनवर म्हणालास, "माझं बरं आहे, मी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही." तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. साठी उलटलेल्या माणसाने, त्यातून आपल्यासारख्याने, मी हिजडा आणि तू ट्रान्स पुरुष, म्हणजे मुलगी म्हणून वाढवलेला पुरुष, या साथीत एकटं राहायचं म्हणजे काय रे? तू लगेच विषय बदलतोस, म्हणून लिहूनच पाठवते.

गेल्या वर्षी मार्चमध्ये लोकल थांबली, दुकानं मिटली, लग्नं-बारशी बंद पडली. लोकलमध्ये, दुकानांपुढे हात पसरायची मांगती गेली, लग्न-बारशाला आशीर्वाद देऊन मिळणारी बधाईही गेली. आम्हा हिजड्यांमधलं म्हातारपण चेल्यांच्या, म्हणजे गुरूच्या शिष्यांच्या, कमाईवर निघतं, आणि इथे चेल्यांच्याच हातात काही उरलं नाही. त्यात हैदराबादेत आमच्यामुळे कोरोना पसरतो, अशी पत्रकं चिकटवली गेली. ती मोबाइलवर इथवर आली, तेव्हा नानी, म्हणजे माझ्या गुरूची गुरू, दिवसभर जेवली नाही.

पण त्याच नानीने घर सावरलं. तिला साखर, बीपी, म्हणून तिच्या खोलीत एकच नातीचेला, म्हणजे चेल्याची चेला, जायची, बाकीच्या उंबऱ्याबाहेरून पाया पडायच्या. नानी आधी रुसली, मग संध्याकाळी फोन घेऊन बसू लागली. मुंबईतल्या, पुण्यातल्या, पार सोलापूरकडच्या म्हाताऱ्या गुरूंना एकेक करून लावायची. ज्यांना जमातीने कधीकाळी दंड लावून बाहेर काढलं होतं, त्यांनाही. त्यावर घरात कुरकुर झाली, तिने कुणाचं ऐकलं नाही. जेवलीस का, गोळी घेतलीस का, एवढंच विचारायची. दोनदा फोन उचलला नाही, तर जवळपासच्या कुणाला तरी दार वाजवायला पाठवायची. एक गुरू तापात पडलेली सापडली ती अशीच. पुरुषांच्या वॉर्डात टाकतील या भीतीने ती दवाखान्याचं नावही काढत नव्हती. दोन चेल्या सोबत गेल्या, तिथे हुज्जत घातली, तेव्हा कुठे तिला कोपऱ्यातली वेगळी खाट मिळाली.

शिधा संस्थांनी दिला, त्यांचे उपकार आहेत. केंद्र सरकारने दीड हजार रुपये जाहीर केले, पण ते बँक खात्यात येणार. म्हाताऱ्यांपैकी कितीजणींचं खातं आहे? आधारवर जुनं नाव, जुना फोटो, काहींकडे तर आधारच नाही. घर सोडताना कागद घेऊन कोण निघतं? एचआयव्हीवरच्या एआरटीच्या गोळ्या मात्र तीन-तीन महिन्यांच्या एकदम मिळायला लागल्या, त्यामुळे बऱ्याच जणींची फरफट वाचली.

आता तुझं. आमची भांडणं असतील, गुरूंची जुलूमशाहीही असेल, पण आम्हाला गुरू-चेल्यांचं घराणं आहे. तुम्हा ट्रान्स पुरुषांना ते कधी मिळालंच नाही. भावाने दार लावलं, आणि तू तीस-बत्तीस वर्षं भाड्याच्या खोलीत कुणाला काही कळू न देता काढलीस. तुझ्या हिमतीला मी मानते. पण उद्या ताप भरला तर डॉक्टरला काय सांगशील, शेजाऱ्याला काय सांगशील, हे तू ठरवलेलं नाहीस, आणि तेच मला छळतं.

म्हणून तीन गोष्टी कर. माझा नंबर समोरच्या वहिनींना देऊन ठेव. बहीण आहे म्हणून सांग, ते काही खोटं नाही. दुसरं, केंद्राच्या पोर्टलवर ट्रान्सजेंडर ओळखपत्रासाठी अर्ज कर. जिल्हाधिकारी ते शपथपत्रावर देतात, शरीर तपासत नाहीत, त्याची धास्ती मनातून काढून टाक. अर्ज भरायला आमची एक चेली फोनवरून मदत करेल, तिने कितीतरी जणांचे भरलेत. आणि तिसरं, नानीच्या यादीत मी तुझं नाव घातलंय. न विचारता घातलं, रागावलास तरी चालेल. ती बडबड फार करते, जुन्या मुंबईचं सांगत बसेल, ऐकून घे.

साठीवरच्यांना मार्चपासून लस मिळतेय, आणि तुझा दुसरा डोस अजून राहिलाय. तो झाला की त्याच दिवशी कळव. पावसाळा सरला की इकडे ये. माळ्यावरची खोली रिकामी आहे, महिनाभर राहिलास तरी कुणी काही विचारणार नाही.

तुझीच,
मैत्रीण