ट्रेंडच्या बातमीत वेळ आणि प्रदेशही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'अमुक नाव अचानक ट्रेंडिंग' एवढीच बातमी येते आणि गावोगावच्या ग्रुपवर तर्कांना ऊत येतो. खरं तर कारण शोधायला दहा मिनिटं पुरतात.

लोक गूगलवर काय शोधताहेत ते दाखवणाऱ्या 'गूगल ट्रेंड्स'वर दिसणारे ० ते १०० हे आकडे शोधांची संख्या नव्हेत. निवडलेल्या मुदतीतला सर्वांत उंच क्षण १०० धरतात आणि बाकीचं त्याच्या प्रमाणात मांडतात. त्यामुळे एरवी कोणी न शोधणाऱ्या वाडीच्या नावाचा आलेख थोडक्या शोधांनीही आभाळाला टेकतो.

आधी पाच वर्षांचा आलेख लावावा. दर उन्हाळ्यात हापूस, दर पावसाळ्यात आंबोली वर चढणारच. तिथे काही घडलंय असं समजू नये. तशी लय नसेल तर मुदत सात दिवसांवर आणावी, प्रदेश महाराष्ट्र ठेवावा आणि चढ कोणत्या तासाला लागला ते पाहावं. बातम्या वाचायच्या त्या तासाच्या आसपासच्या. नंतरच्या बऱ्याचशा 'का आहे चर्चेत?' अशाच असतात, आणि त्यांनीच शोध आणखी वाढतात. 'संबंधित शोधां'मध्ये वाढते शोधही जरूर बघावेत. मुरूड एक रायगडात, एक दापोलीजवळ, एक लातूरकडे. लोक नेमकं कोणतं शोधताहेत ते तिथे उलगडतं.

वादळाच्या नावाबाबत तर फारच गैरसमज होतो. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरपर्यंत गेला की हवामान विभाग नाव जाहीर करतो. तोवर कमी दाबाचं क्षेत्र समुद्रात असलं तरी शोधायला नावच नसतं. म्हणजे आलेखातला पहिला उभा कडा बहुधा नामकरणाचा असतो; धोका त्याच घटकेला वाढला असं नाही. शिवाय २०२१ चं वादळ कुणी तौक्ते लिहिलं, कुणी ताउते. 'शोधशब्द' निवडला तर प्रत्येक लेखन वेगळं मोजलं जातं, म्हणून नाव टाइप करताना येणाऱ्या यादीत सगळी लेखनं एकत्र धरणारा 'विषय' दिसत असेल तर तोच घ्यावा. याच गडबडीत २०२० च्या 'निसर्ग' वादळात पडलेल्या माडांच्या चित्रफितीही नव्या नावाखाली खपून जाऊ शकतात.

आपल्या बातमीत चढाची वेळ, प्रदेश आणि मुदत एका ओळीत द्यावी, ही विनंती. वादळाचं नाव असेल तर शेजारी हवामान विभागाचा ताजा इशारा आणि बंदरावर कितव्या नंबरचा बावटा लावलाय तेही छापावं. होड्या वर ओढायच्या की नाही, हे त्यावरच ठरतं.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी