समोर डबल डिस्क, पण कोणाच्या भरवशावर?

मा. संपादक,

दर्यापूर रस्त्यावर माझं दुचाकींचं छोटं गॅरेज आहे. आजकाल पोट्टे येतात अन् म्हणतात, 'भाऊ, समोर डबल डिस्क बसवून द्या.' म्हणजे पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी ब्रेकची एकेक चकती. चीज वाईट नाही. चिखलदऱ्याचा घाट उतरताना ब्रेकची उष्णता दोन डिस्कमध्ये वाटली जाते, शॉकअपवर (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांवर) एकाच बाजूने ताण येत नाही. पण त्यासाठी हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, दोन्हीकडे डिस्कची बैठक अन् शॉकअपच्या दोन्ही नळ्यांना कॅलिपर (डिस्कला चिमटीत धरणारा भाग) बसवायचे कान लागतात. परवा आलेल्या गाडीच्या अॅल्युमिनियमच्या नळीवर लोकल वेल्डिंगने पट्टी चिकटवली होती. टाक्याशेजारीच केसाएवढी चीर. ब्रेकचं तेल ढकलणारा लिव्हरजवळचा मास्टर सिलिंडर जुनाच. दोन कॅलिपरना तेल जास्त लागतं, त्याला मोठा पिस्टन हवा. इथे लिव्हर थेट मुठीला टेकत होता! अन् पावसाळ्यात ट्रॅक्टरने डांबरावर आणलेल्या काळ्या मातीवर टायरच धरत नाही, तिथे चार डिस्क लावून काय उपयोग?

कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. तरी हे किट सर्रास विकलं जातं. परिवहन विभागाने पोट्ट्यांच्या पावत्या फाडण्याआधी विकणाऱ्यांची दुकानं तपासावीत.

– एक दुचाकी मिस्त्री, दर्यापूर (जि. अमरावती)