‘भाडे भरा, घर तुमचे’ : आधी साठेखत नोंदवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘आज भाडेकरू, पाच वर्षांनी मालक’ असे सांगणारे निरोप हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरताना दिसतात. असा व्यवहार फसला की काय होते, ते मी घरातच पाहिले आहे, म्हणून हे पत्र.

माझ्या भाच्याने हडपसर भागात एक फ्लॅट या पद्धतीने घ्यायचे ठरवले. किंमत ठरली ५० लाख, डिपॉझिट पाच लाख. आजूबाजूला १५ हजार भाडे चालू असताना तो २२ हजार देत होता. वरचे सात हजार पुढे किमतीतून वळते करायचे, अशी बोली होती. हे सात हजार रोखीने जात. दर अकरा महिन्यांनी लिव्ह अँड लायसन्स नोंदवला जायचा, तोही १५ हजारांचाच. विक्रीचा शब्द होता शंभराच्या स्टँपपेपरवर, नोटरीच्या शिक्क्यानिशी. तीन वर्षांत त्या भागातले दर चढले आणि मालकाने जुन्या किमतीला फ्लॅट देणार नाही म्हणून सांगितले. डिपॉझिट परत आले. दर महिन्याचे जादा पैसे, म्हणजे दोन लाख ५२ हजार रुपये, बुडाले. स्वतःच्या खर्चाने बसवलेला ओटा आणि कपाटे तिथेच राहिली.

वकिलांनी कागद चाळले तेव्हा आम्हाला एकेक गोष्ट कळत गेली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ नुसार लायसन्सच्या लेखी करारात जे लिहिले असेल तोच निर्णायक पुरावा. मुदत संपल्यावर घर सोडले नाही तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. म्हणजे कागदावर भाचा केवळ लायसन्सधारक, ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी असलेला. विक्रीच्या करारावर ताबा टिकवायचा, तर २००१ च्या दुरुस्तीपासून तो करार नोंदणीकृतच लागतो. नोटरीच्या कागदावर खरेदीखताचा दावा लावता येतो, तोही ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांच्या आत. पण कोर्टाची वर्षे आणि वकिलाची फी पगारदार माणसाने कुठून आणायची?

तरीही ही पद्धत मोडीत काढावी, असे मला मुळीच वाटत नाही. माझ्या वडिलांचे घर असेच झाले. हाउसिंग बोर्डाची दोन खोल्यांची जागा त्यांना ‘भाडेखरेदी’वर मिळाली होती. गिरणीतल्या पगारातून महिन्याला हप्ता, प्रत्येक हप्त्याची पावती, आणि शेवटचा हप्ता फिटल्यावर जागा नावावर. एकरकमी पैसे आमच्याकडे कधीच नव्हते. तिथे समोर सरकारी मंडळ होते आणि अटी पहिल्या दिवसापासून छापील होत्या, एवढाच फरक.

आज गरज त्याहून मोठी आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते. ५० लाखांच्या घराला दहा लाख पदरचे हवेत. त्यावर पुण्यात सात टक्के मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी, म्हणजे आणखी तीन लाख ८० हजार. रिक्षाचालक, घरगुती डबे करणाऱ्या बायका यांच्याकडे पगाराची स्लिपही नसते. अशांना चार-पाच वर्षे मिळाली, किंमत आजच्या दराला बांधली गेली, तर ते खरोखर घर घेऊ शकतात. शिवाय त्या इमारतीत राहून पाहता येते. उन्हाळ्यात टँकर किती येतात, लिफ्ट किती वेळा बंद पडते, सोसायटीच्या सभेत काय चालते, हे नमुना फ्लॅट पाहून कधी कळत नाही.

अडचण कायद्याच्या रचनेत आहे. आपल्या मुद्रांक कायद्यात ताब्यासह केलेले साठेखत, म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार, विक्रीच धरले जाते आणि पूर्ण शुल्क आधीच भरावे लागते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका प्रकरणात ताबा भाडेकरू म्हणून आधीपासून असला तरी हेच लागू, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितले. ज्याच्याकडे पैसे नाहीत म्हणून तो या वाटेने जातो, त्याच्याकडेच पहिल्या दिवशी साडेतीन लाख मागितले जातात. मग लोक नोटरीकडे वळतात.

राज्य सरकारने या व्यवहारासाठी शुल्क टप्प्याटप्प्याने भरण्याची सोय द्यावी : थोडे करार करताना, उरलेले खरेदीखताच्या वेळी. महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाने, बिल्डरांसाठी साठेखताचा नमुना ठरवून दिला आहे, तसा भाडेखरेदीचाही असावा. त्यात किंमत, दरमहा किती रक्कम किमतीत वळती होणार, व्यवहार मोडला तर कोणाला काय परत मिळणार आणि मालकाचे गृहकर्ज शिल्लक आहे का, हे रकाने सक्तीचे हवेत. शेवटचा रकाना मी मुद्दाम सांगते. मालकाने हप्ते थकवले तर बँक घराचा ताबा घेते, मग आपण वेळेवर भाडे भरले असले तरी. मालकांचीही बाजू आहे : पाच वर्षे किंमत बांधून घ्यायची आणि शेवटी समोरच्याने ‘नको’ म्हणायचे, हा धोका त्यांच्या वाट्याला येतो. करारात तेही लिहिता येईल.

तोवर कोणी या वाटेने जात असेल तर वरचे पैसे रोखीने देऊ नयेत, बँकेतूनच द्यावेत. आणि साठेखत नोंदवून इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, हातात आल्याशिवाय जादा एक रुपयाही देऊ नये. माझ्या वडिलांच्या हप्त्यांच्या पावत्या आजही आमच्या कपाटात आहेत. भाच्याकडे दाखवायला तीन वर्षांची एकही पावती नाही.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे