आरसे काढण्यापेक्षा नीट करून घ्या

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

दुचाकीला आरसे नसले की पोलिस पावती फाडतात, त्यावर हल्ली पेपरमधे आणि चौकात बरीच ओरड चालूय. दंड बरोबरच आहे, मी त्याच्या विरोधात नाही, पण लोक आरसे काढतात ते सगळे काय स्टाईल मारायला काढत नाहीत ही बाजू कोणी मांडतच नाही म्हणून हे पत्र.

मी भोसरीत लेथवर काम करतो त्यामुळे पोरं असली बारीकसारीक कामं घेऊन येतातच. आरसे का काढले म्हणून एकेकाला विचारलं की उत्तर ठरलेलं, "काका त्यात दिसतंच काय, स्वतःचा कोपर." आणि खरं आहे ते! खांदे जरा रुंद असले किंवा अंगात पॅडवालं जॅकेट असलं की निम्म्या काचेत बाही दिसते, उरलेल्या निम्म्यात मागचा ट्रक असा थरथरतो की तो ट्रक आहे का टेम्पो ते कळत नाही. सिंगल सिलेंडर गाडीला एका ठराविक स्पीडला हे होणारच. मग माणूस वैतागून आरसे आत वळवतो, नंतर काढूनच टाकतो, आणि नाशिक फाट्याला लेन बदलताना मान मागे वळवून बघतो, तेवढ्या वेळात पुढचा ब्रेक मारून मोकळा झालेला असतो.

यावर घरच्या घरी इलाज आहे. आरशाच्या बुडाशी 30 ते 40 मिमीचा एक तुकडा जोडायचा, बाजारात एक्स्टेंडर म्हणून मिळतो नाहीतर कुठलाही टर्नर हेक्स रॉडमधे बनवून देईल, तिरका बाहेर काढणारा मिळाला तर आणखी चांगलं, कोपर बाजूला जातो आणि मागचा रस्ता दिसायला लागतो. त्याहून लांब करू नये, दांडी जितकी लांब तितकी थरथर जास्त, मग परत तेच. थरथरीसाठी बुडाशी रबरी वायसर टाकतात, दांडीवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ताणून चढवतात, फरक पडतो. पूर्ण जात नाही पण मागच्या गाडीचा लाईट एकाचे चार दिसायचे ते एक दिसतो, एवढं बास की.

आता मुख्य मुद्दा, आट्यांचा. बहुतेक मोटरसायकलींच्या आरशाला 10 मिमीचे, 1.25 पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, मिमीत) आटे असतात आणि हार्डवेअरच्या दुकानात 10 चा बोल्ट मागितला तर तो देतो 1.5 पिचचा. बघायला दोन्ही सारखेच. हाताने दोन फेरे बसतो, मग अडकतो, मग आपला भाऊ पाना लावून जोर करतो आणि खालचा होल्डर पडला ॲल्युमिनियमचा, आटे गेलेच. क्लचच्या बाजूला होल्डर बदलून भागतं, ब्रेकच्या बाजूला डिस्कवाल्या गाडीत आरसा मास्टर सिलेंडरलाच, म्हणजे ब्रेकचं तेल दाबणाऱ्या भागालाच, बसलेला असतो म्हणजे खिशाला किती खड्डा पडतो बघा. त्यात यामाहाच्या गाडीला उजव्या आरशाला उलटे आटे, समोरून काही आपटलं तर आरसा तुटण्याऐवजी सैल होऊन फिरावा म्हणून. ज्याला माहीत नाही तो काढायला म्हणून आणखी आवळत बसतो. साधा नियम, मूळ आरसा काढून सोबत घेऊन जा आणि नवीन तुकडा त्याच्यावर हाताने पूर्ण फिरतोय का बघा. हाताने नाही गेला तर पाना लावायचाच नाही.

काच फुटली तर पूर्ण आरसा बदलायची गरज नसते, नवीन काच बसवता येते, पण पोरं ती खिडकीच्या सिलिकॉनने चिकटवतात. लावताना ज्याला आंबट वास येतो ते सिलिकॉन आरशाच्या मागचा थर खातं, काही दिवसांनी कडेपासून काळे डाग पडायला लागतात. काचवाल्याकडे आरशासाठीचं वेगळं सिलिकॉन मागावं. आणि काच सपाट बसवली की फुगीर यातला फरक माहीत असू द्या, फुगीर काचेत जास्त रस्ता दिसतो पण मागची गाडी असते त्यापेक्षा लांब भासते. एका बाजूला सपाट आणि एका बाजूला फुगीर लावली तर डोकं गोंधळणारच.

हँडलच्या टोकाला लावायच्या गोल आरशांची सध्या भयंकर क्रेझ आहे. दिसायला भारी आणि कोपराचा प्रश्नच मिटतो, मान्य, पण त्यासाठी टोकाचं वजन काढावं लागतं, ते वजन शोभेसाठी दिलेलं नसतं, हाताला मुंग्या येऊ नयेत म्हणून असतं. उजवीकडे लावताना आरसा आणि मूठ यात थोडी फट हवीच. गाडी बंद ठेवून रेस पिळून सोडायची, खट्कन मागे आली पाहिजे, रेंगाळली तर तशी गाडी रस्त्यावर काढूच नका. आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून आरसा टाकीला घासत नाही ना ते बघा, वळणावर कळून उपयोग नाही.

त्यात साइझचा घोळ वेगळाच. युरोपातल्या नियमात दुचाकीचा गोल आरसा किमान 94 मिमी व्यासाचा लागतो. पुण्यात नाना पेठेतल्या दुकानांत काय किंवा ऑनलाईन काय, तीन इंची म्हणून जे सर्रास विकतात ते होतात 76 मिमी. पावडर लावायला बरे आहेत! कंपनीचे आरसे काढून हे लावणारा मनात धरतो की आपण कायदा पाळला.

माझं म्हणणं एवढंच आहे की पावती फाडताना पोलिसांनी असल्या आरशांच्या दुकानांतही एखादी चक्कर मारावी, आणि गाडी कंपन्यांनी शोरूममधेच दोन लांबीच्या दांड्या ठेवाव्यात, सीटची उंची माणसाप्रमाणे बघता तर आरसाही बघा. आपल्या वाहन पुरवणीत दर आठवड्याला नवीन गाडीचे फोटो येतात, त्यात एखाद्या वेळी मॉडेलप्रमाणे आरशाच्या आट्यांचा तक्ता छापलात तर खूप जणांचे मास्टर सिलेंडर वाचतील.

आपला,
एक वाचक, भोसरी