स्वर्गाची तयारी आणि सातबारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दोन नोव्हेंबर, म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांचा मृतांच्या आठवणीचा दिवस, जवळ आला की आमच्या वसई पट्ट्यातल्या सिमेंटरीत (दफनभूमीत) एकच गडबड सुरू होते. गवत उपटणं, क्रूसाला रंग, शेवंतीचे हार, मेणबत्त्यांचे बॉक्स, आणि हल्ली तर ग्रॅनाईटवाल्याची तारीखच मिळत नाही म्हणे. गेलेल्यांची आठवण ठेवावी, त्यांच्यासाठी मिस्सा (चर्चमधला प्रार्थनाविधी) मागावी, यात वाईट काहीच नाही. पण मेलेल्यांसाठी एवढी धावपळ करणारे आपण स्वतःच्या मरणाची तयारी काय करतो हा प्रश्न डोक्यात घोळतोय म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा.

तयारी म्हटलं की आमच्या फॅमिली ग्रुपवर लगेच व्हिडिओ येतात, अमुक तारखेला प्रभू येणार, सगळ्यांना पुढे पाठवा. हे काही आजचं नाही बरं का. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या धर्मप्रचारकाच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली होती, काहींनी तर शेतातलं पीकसुद्धा काढलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य नेहमीसारखाच उगवला. हॅरोल्ड कॅम्पिंग नावाच्या रेडिओवाल्याने २१ मे २०११ सांगितली, मोठमोठे होर्डिंग लावले, तेही हुकलं तेव्हा ऑक्टोबर सांगितला, तोही गेला. खुद्द येशूने सांगून ठेवलंय की तो दिवस आणि ती घटका बापाशिवाय कोणालाच ठाऊक नाही, पुत्रालाही नाही. मग फॉरवर्ड करणाऱ्या आमच्या अंकलना कुठून कळते देव जाणे.

माझा मुद्दा वेगळाच आहे. लूकच्या शुभवर्तमानाचा १२ वा अध्याय काढून बघा. कंबरा बांधून आणि दिवे लावून तयार राहा, तुम्हाला वाटणार नाही अशा वेळी मनुष्याचा पुत्र येईल, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. पण त्याच अध्यायात थोडं आधी काय होतं? गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा ना, वडिलांच्या इस्टेटीची वाटणी करून माझा हिस्सा दे म्हणून. आणि येशू त्याला उडवूनच लावतो, मला कोणी तुमचा वाटणीदार नेमलं. मग तो सांभाळा म्हणतो, कसल्याही लोभापासून दूर राहा, आणि कोठारं पाडून मोठी कोठारं बांधणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट सांगतो, ज्याला देव म्हणतो मूर्खा, आज रात्रीच तुझा जीव मागितला जाणार, मग हे साठवलेलं कोणाचं होईल? म्हणजे अनंतकाळाच्या तयारीची ही सगळी शिकवण सुरू कुठून झाली तर भावाभावांच्या जमिनीच्या भांडणातून. आपल्या वसईत बसून हे वाचताना अंगावर काटा यायला पाहिजे.

कारण आपल्याकडे हेच चाललंय. एकेकाळी केळी, पानवेली, फुलांच्या वाड्या होत्या तोपर्यंत जमिनीत राबायला माणूस मिळत नव्हता, मग बिल्डर आले, २००९ ला महानगरपालिका झाली, आणि ज्या तुकड्यावर कोणी ढुंकून बघत नव्हतं त्याच्या सातबाऱ्यावर अचानक सगळ्यांना आपापलं नाव आठवायला लागलं. सख्खे भाऊ रविवारी एकाच रांगेत उभे राहून कम्युनियन (मिस्सेतला भाकरीचा प्रसाद) घेतात आणि सोमवारी कोर्टात दोन वेगवेगळ्या बाकांवर बसतात. उपवासकाळ सुरू होतो त्या भस्म बुधवारी गेल्या वर्षी चर्चमध्ये आशीर्वादित केलेल्या झावळ्यांची राख कपाळावर लावून घ्यायची, तू माती आहेस आणि मातीला मिळशील हे मान खाली घालून ऐकायचं, आणि तासाभराने तलाठ्याकडे जाऊन त्याच मातीच्या दोन गुंठ्यांच्या फेरफारावर हरकत टाकायची! मत्तयच्या ५ व्या अध्यायात तर स्पष्ट आहे, वेदीजवळ अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. हे जर कोणी खरंच मनावर घेतलं तर आपली अर्धी चर्चं दहाच्या मिस्सेला रिकामी दिसतील.

बहिणींची गोष्ट तर वेगळीच. बाप गेल्यावर महिन्याची मिस्सा होते न होते तोच भाऊ बहिणीला रिक्षात घालून सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसला घेऊन जातो, ताई इथे सही कर, इथे अंगठा दे, हक्कसोड आहे, फॉर्म्यालिटी आहे, तुला लग्नात दिलंच होतं ना. येताना एक साडी. ताई पण काही बोलत नाही कारण बोललं तर माहेर तुटेल. आता कायदा काय सांगतो ते ऐका, कारण बऱ्याच जणांना वाटतं आपल्याला हिंदू कायदाच लागू होतो. आपल्याला लागू होतो तो भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५. त्यात मृत्युपत्र न करता नवरा गेला तर बायकोला १/३ आणि उरलेलं २/३ मुलांमध्ये सारखं, मुलगा मुलगी भेद नाही. केरळात त्रावणकोरच्या जुन्या कायद्याने ख्रिस्ती मुलींना नावापुरतंच मिळायचं, त्याविरुद्ध मेरी रॉय कोर्टात गेल्या आणि १९८६ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तिथेही १९२५ चाच कायदा लागेल. आपल्याकडे ती अडचण नव्हतीच, तरी आपल्या बहिणी साडीवर परत जातात. आता याला चोरी म्हणायचं नसेल तर काय म्हणायचं ते मला फादर लोकांनी सांगावं, मी पापनिवेदनात तसा शब्द वापरायला तयार आहे.

मृत्युपत्राला लोक उगाच घाबरतात, लिहिलं की मरण लवकर येतं असं आमच्याकडच्या म्हाताऱ्या अजून म्हणतात. साध्या कागदावर होतं, स्टॅम्प पेपर लागत नाही, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण केलेलं बरं, दोन साक्षीदार लागतात आणि आपल्या लोकांनी लक्षात ठेवायचं म्हणजे ज्याला त्यातून काही मिळणार आहे त्याला किंवा त्याच्या बायकोला साक्षीदार करू नका, त्याला लिहिलेला हिस्सा बाद होतो.

आमच्या आळीत एक नाखवा, म्हणजे मासेमारी होडीचे मालक, होते, नाव लिहीत नाही. १ जूनला मासेमारी बंद व्हायची, ३१ जुलैपर्यंत होड्या किनाऱ्यावर, त्याच्या आधी मे संपायच्या आत त्यांचा कार्यक्रम ठरलेला. ओट्यावर चटई टाकायची, लाल वही, एकेक खलाशाला नावाने बोलवायचं, उचल किती घेतली, वाटा किती झाला, किती बाकी, त्याच्यासमोर मोजून द्यायचे आणि वहीत आडवी रेघ मारायची. डिझेलवाल्याची उधारी, बर्फवाल्याची उधारी, तीही तेव्हाच. सिझन वाईट गेला तर बायकोचं सोनं सोसायटीत ठेवून दिले पण खलाशाला गावी रिकामं पाठवलं नाही. कोणी म्हटलं नाखवा, घाई काय, ऑगस्टला यायचेच आहेत की, तर म्हणायचे ते येतील रे, मी असेन कशावरून. जमिनीचंही तसंच, तिन्ही पोरींची नावं स्वतः हयातीत लावून मोकळे झाले, पोरगे दोन वर्षं फुगून बसले होते, बसू दे म्हणाले. एका पावसाळ्यात ते झोपेत गेले. मयतीला सगळी पोरं, सगळ्या पोरी, एकमेकांच्या खांद्यावर रडत होती, आणि नंतर दारात पैसे मागायला एक माणूस आला नाही. बायबल ते फार वाचायचे असं नाही, रोझरीला तर डुलक्या काढायचे.

आता कोणी म्हणेल वाटणी केली, उधारी फेडली म्हणजे स्वर्ग मिळाला का? नाही हो. तारण देवाच्या कृपेने आहे, ते विकत मिळत नाही, ग्रॅनाईट लावूनही नाही आणि मृत्युपत्र करूनही नाही. क्रूसावरच्या चोराला येशू म्हणाला आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील, त्याने तर काहीच फेडलं नव्हतं, आणि आपण सगळे शेवटच्या क्षणी त्याच्यासारखं तरून जाऊ या भरवशावर आहोत. पण त्याचे हात खिळलेले होते, परत करायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. आपले हात मोकळे आहेत. ज्याचे मोकळे होते तो जक्कय, येशूला बघायला झाडावर चढलेला श्रीमंत जकातदार, त्याने झाडावरून उतरल्यावर काय केलं? अर्धी मालमत्ता गोरगरिबांना, आणि कोणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत. आणि आज या घराला तारण झालं हे येशू त्यानंतर म्हणाला. आपले वसईचेच संत गोन्सालो गार्सिया, ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रूसावर गेले, पण त्याआधी ते जपानात चांगले व्यापारी होते, चालता धंदा सोडून ते फ्रान्सिस्कन ब्रदर झाले. आपण त्यांचा सण करतो, मिरवणूक काढतो, धंदा सोडलेला भाग मात्र प्रवचनात पटकन उरकला जातो असं मला वाटतं, चुकत असेन तर सांगा.

म्हणून एक सूचना. नोव्हेंबर महिना मृतांचा म्हणून पाळतोच आहोत तर प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, एका रविवारी मिस्सेनंतर वकील बसवावा, आपल्यात वकिलांची काही कमी नाही. कोणाला मृत्युपत्र करायचंय, कोणाला हयातीत वाटणी करायचीय, कोणाच्या बहिणीचा हिस्सा अडकलाय, त्यांना नीट समजावून सांगावं, आणि जिथे भाऊ बोलत नाहीत तिथे फादरांनी मध्ये पडावं, येशूने वाटणी करायला नकार दिला हे खरं पण लोभावर बोलायला नकार दिला नव्हता. फक्त एक करा, म्हातारे आईबाप वकिलाशी बोलत असतील तेव्हा मुलांना आणि सुनांना बाहेर बसवा, आणि आईला बापाशिवाय वेगळं विचारा की बाई, तुझ्या मनात काय आहे.

आपला,
एक वाचक, पाचूबंदर, वसई