धुरीचा वायू आणि भिंतीपलीकडचा माणूस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कीटकनाशकांच्या नियमनाविषयी वृत्तपत्रांतून जी चर्चा होते, ती सहसा दोन प्रश्नांपाशी घुटमळते. अन्नात औषधाचे अवशेष किती उरले, हा एक. आणि फवारणी करणाऱ्याने मास्क व हातमोजे वापरले होते की नाही, हा दुसरा. दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. पण धुरीकरणासाठी, म्हणजे बंद जागेत किंवा मातीत विषारी वायू सोडून कीड मारण्यासाठी, वापरली जाणारी कीटकनाशके, उदाहरणार्थ फॉस्फिन, मिथाइल ब्रोमाइड, क्लोरोपिक्रिन, मेटाम सोडियम, सल्फ्युरिल फ्लोराइड यांसारखी रसायने, या चौकटीत पुरती मावत नाहीत. ती वायुरूपात काम करतात. गोणीच्या तळाशी, लाकडाच्या चिरेत आणि मातीच्या कणांमधील पोकळीत शिरता येणे हाच त्यांचा गुण आहे, आणि त्याच गुणामुळे ती भिंतीच्या भेगेतून, पाइपभोवतीच्या फटीतून किंवा दाराखालून पलीकडच्या माणसापर्यंतही पोहोचतात. त्या माणसाने ते औषध विकत घेतलेले नसते, त्यावरील सूचना वाचलेल्या नसतात आणि आपल्यापासून काही फुटांवर धुरीकरण चालू आहे याचा त्याला पत्ताही नसतो. या रसायनांचे नियम लिहिताना आधी त्याचा विचार व्हायला हवा, एवढ्यासाठीच हे पत्र.

अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीचे उदाहरण घेतले, तर धोक्याचे मान नीट कळते. साठवलेल्या धान्याच्या थप्पीवर जाड ताडपत्री टाकतात, तिच्या कडा वाळू भरलेल्या लांबट पिशव्यांनी जमिनीशी घट्ट दाबतात आणि आत गोळ्या ठेवतात. हवेतील व धान्यातील ओलावा लागला की गोळी हळूहळू फुटते, तिची राखाडी-पांढरी भुकटी होते आणि फॉस्फिन बाहेर पडतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण एक ग्रॅम फॉस्फिन मिळतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा बंद खोलीत एवढा वायू पसरला, तर हवेच्या दर दहा लाख भागांत त्याचे सुमारे पंचवीस भाग होतात. कामाच्या ठिकाणी आठ तासांच्या सरासरीने अमेरिकेत मान्य असलेली मर्यादा दहा लाखांत ०.३ भाग, म्हणजे तीन दशांश आहे. एक गोळी ही मर्यादा ऐंशीपटींहून अधिक ओलांडते, आणि दोन गोळ्या जिवाला तत्काळ धोका असल्याचे मानल्या जाणाऱ्या ५० भागांच्या पातळीवर नेऊन ठेवतात. हा हिशेब कोणत्याही गुप्त अहवालातला नाही. शालेय रसायनशास्त्र येणारा कोणीही तो कागदावर मांडू शकतो.

वासावरून सावध होता येईल, असे अनेकांना वाटते. फॉस्फिनला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा येणारा वास बहुतांशी त्यातील अशुद्ध घटकांचा असतो. वास आला नाही म्हणून वायू नाही, असे त्यावरून ठरवता येत नाही. मिथाइल ब्रोमाइडला तर जवळजवळ वासच नसतो, म्हणून त्यात इशारा म्हणून डोळे झोंबवणारे क्लोरोपिक्रिन थोडे मिसळण्याची पद्धत आहे. विषबाधेची सुरुवातीची लक्षणेही फसवी असतात. डोकेदुखी, मळमळ, उलट्या, खोकला, छातीत जड वाटणे यांवरून घरच्यांना अन्नातून विषबाधा झाल्याची किंवा साध्या आजाराची शंका येते आणि मोलाचे तास निघून जातात. फॉस्फिनच्या विषबाधेवर उतारा नाही. डॉक्टर श्वास आणि हृदय सांभाळण्याची शर्थ करतात, इतकेच त्यांच्या हाती असते. जिथे इंद्रिये इशारा देत नाहीत आणि औषधही हाताशी नाही, तिथे ‘काळजीपूर्वक वापरावे’ या वाक्यावर विसंबून राहणे मला मान्य नाही.

सूचना छापलेली असूनही काय घडते, याची उदाहरणे ज्या देशात नियम कडक मानले जातात त्या अमेरिकेतूनच देता येतात. २०१० साली युटा राज्यातील लेटन येथे घराजवळ कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या बिळांत टाकलेल्या फॉस्फाइडचा वायू घरात शिरला आणि दोन लहान बहिणी दगावल्या. इमारतीपासून पंधरा फुटांचे अंतर राखण्याची अट तेव्हाही होती. या घटनेनंतर तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने निवासी वस्तीत अशा वापराला पूर्ण मनाई केली आणि माणसे किंवा जनावरे असू शकतील अशा अन्य इमारतींसाठीचे अंतर पंधरावरून शंभर फुटांवर नेले. मार्च २०१५ मध्ये अमेरिकेच्या व्हर्जिन बेटांवर एका सुटीच्या निवासात वरच्या मजल्यावर उतरलेले कुटुंब, खालच्या मजल्यावर केलेल्या मिथाइल ब्रोमाइडच्या धुरीमुळे गंभीररीत्या आजारी पडले. राहत्या घरांत या वायूचा वापर तिथे १९८४ पासून बंद होता. जानेवारी २०१७ मध्ये टेक्सासमधील अमरिलो येथे घराखाली टाकलेले फॉस्फाइड पाण्याने धुऊन काढण्याचा प्रयत्न झाला. पाणी लागताच वायू वेगाने सुटला आणि एकाच कुटुंबातील चार मुले गेली. फॉस्फाइड पाण्याने धुवायचे नसते, हे प्रशिक्षित माणसाला पहिल्या दिवशी सांगितले जाते, आणि म्हणूनच ते अप्रशिक्षित हातांत जाता कामा नये.

या तिन्ही घटनांत नियम अस्तित्वात होता. तो अपुरा होता, मोडला गेला किंवा विक्रीच्या साखळीत कुठेतरी गळाला. भारतातही अॅल्युमिनियम फॉस्फाइड सर्वांना खुले नाही. कीटकनाशक अधिनियम, १९६८ खालील निर्बंधांनुसार ते केवळ शासन, शासकीय उपक्रम व संस्था आणि कीडनियंत्रण व्यावसायिक यांनाच, तेही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरण्यासाठी, विकता येते. तीन ग्रॅमच्या दहा आणि वीस गोळ्यांच्या नळ्यांचे उत्पादन व विक्री २००१ पासून पूर्णपणे बंद आहे. हा नियम चांगला आहे. पण तो मुख्यतः खरेदीदारावर लक्ष ठेवतो. गोळी योग्य माणसाच्या हातात पडली, तरी वायू भिंतीपलीकडे गेला की नाही, हे पाहण्याची जबाबदारी त्यातून आपोआप कोणावर येत नाही.

जमिनीच्या धुरीकरणात या प्रश्नाचा बराच पुढचा विचार झालेला दिसतो, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. लागवडीपूर्वी मातीतील सूत्रकृमी, बुरशी आणि तणांचे बी मारण्यासाठी क्लोरोपिक्रिन किंवा मेटाम सोडियम मातीत सोडले जाते. मेटाम सोडियमचे मातीत विघटन होऊन मिथाइल आयसोथायोसायनेट हा डोळे आणि श्वसनमार्ग जाळणारा वायू तयार होतो. संध्याकाळी वारा पडला आणि जमीन थंड झाली की वरची हवा उबदार व खालची गार राहते. अशा वेळी वायू वर न जाता जमिनीलगत पसरत वस्तीकडे सरकतो. नोव्हेंबर १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातील अर्लीमार्ट या गावात शेतातून आलेल्या अशाच वायूने शंभरांहून अधिक लोकांना त्रास झाला. त्या आणि नंतरच्या घटनांमुळे कॅलिफोर्नियाने २००४ साली कायदा करून, शेतीच्या कीटकनाशकाचा वायू वस्तीत शिरल्यास बाधितांच्या तातडीच्या उपचारांचा खर्च नियम मोडणाऱ्याने द्यावा, अशी तरतूद केली. हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण तोवर आजारी पडणाऱ्यानेच रुग्णालयाचे बिलही भरायचे, असा उलटा न्याय चालू होता.

अमेरिकेच्या केंद्रीय पातळीवर तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने जमिनीच्या धुरीकरणासाठी २००८ साली निर्णय घेतला, २००९ मध्ये त्यात दुरुस्त्या केल्या आणि २०१२ अखेरपर्यंत तो टप्प्याटप्प्याने अमलात आणला. शेताभोवती मोकळा पट्टा ठेवायचा आणि काम संपल्यावर किमान ४८ तास तिथे कोणी थांबायचे नाही, पट्ट्याची रुंदी रसायनाचे प्रमाण, क्षेत्र आणि सोडण्याची पद्धत यांवरून ठरवायची, फलक लावायचे, काम सुरू करण्यापूर्वी लेखी आराखडा तयार ठेवायचा, शाळा आणि रुग्णालये यांसारख्या चटकन रिकाम्या न करता येणाऱ्या जागांपासून अधिक अंतर राखायचे. यातील एक कलम विशेष शहाणपणाचे आहे. साध्या प्लॅस्टिकच्या आच्छादनातून वायू झिरपतो, तर वायूला रोखणाऱ्या बहुस्तरीय आच्छादनाखाली तो बराच अडून राहतो. असे आच्छादन वापरणाऱ्याला पट्टा कमी रुंद ठेवण्याची सवलत मिळते. म्हणजे काळजी घेणाऱ्याला नियमातच थेट फायदा आहे, आणि वायू आतच राहिल्यामुळे कमी औषधात काम होण्याची शक्यताही वाढते. दंडाच्या भीतीपेक्षा अशी तरतूद अधिक काम करते, असे माझे मत आहे.

मात्र पट्टा आणि ४८ तास ही दोन्ही अंदाजाची मापे आहेत, आणि माझी मुख्य तक्रार इथेच आहे. गोदामे, बंद इमारती, जहाजांतील मालाच्या कोठ्या आणि मालाचे कंटेनर यांत धुरीकरण झाल्यावर ‘इतके तास झाले, दार उघडून वारा खेळवला, आता आत जा’ हा व्यवहार सर्रास चालतो. वायू किती उरला, हे तासांवरून कळत नाही. थंडी असेल किंवा धान्य फार कोरडे असेल तर गोळी पूर्ण फुटायला अधिक वेळ लागतो. गच्च भरलेल्या मालात वायू मुरून राहतो आणि माल हलवल्यावर पुन्हा बाहेर येतो. उरलेल्या भुकटीतही न फुटलेले फॉस्फाइड असू शकते, आणि ती ढीग करून ओल्या जागी टाकली तर पेटूही शकते. रॉटरडॅम आणि हॅम्बर्ग या बंदरांवरील तपासण्यांत धुरीकरणाचे कोणतेही चिन्ह नसलेल्या कंटेनरांतही असे वायू आढळले आहेत. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार धुरीकरण केलेल्या कंटेनरवर इशाऱ्याचे चिन्ह बंधनकारक आहे. दार उघडणाऱ्या हमालाला ते चिन्ह दिसले नाही, तर त्याच्यापुरता तो नियम नसल्यासारखाच आहे.

म्हणून आत जाण्याची परवानगी घड्याळावर न देता मोजमापावर द्यावी. फॉस्फिन, मिथाइल ब्रोमाइड आणि सल्फ्युरिल फ्लोराइड मोजण्याची साधने उपलब्ध आहेत. धुरीकरण करणाऱ्याने दार उघडण्यापूर्वी, वारा खेळवल्यानंतर आणि माल हलवायला सुरुवात झाल्यावर असे तीनदा मापन करावे, तसेच शेजारच्या खोल्यांत व वरच्या-खालच्या मजल्यांवर काम चालू असतानाच मापन करावे, आणि आकडे, वेळ व मापन करणाऱ्याचे नाव असलेला कागद जागेवर लावून ठेवावा. ज्या व्यवसायाचे सगळे उत्पन्न बंद जागेत विषारी वायू सोडण्यावर उभे आहे, त्याला ते मोजण्याचे यंत्र परवडत नाही, हा युक्तिवाद ऐकून घेण्यासारखा नाही. शेजाऱ्यांना आधी लेखी सूचना द्यावी, हेही त्यासोबत आलेच. त्या सूचनेत रसायनाचे नाव असावे, म्हणजे प्रसंग आला तर डॉक्टरला ते सांगता येईल.

या वायूंवर सरसकट बंदी घालावी, असे माझे म्हणणे नाही. साठवलेल्या धान्याचे किडीपासून रक्षण करायचे तर आज फॉस्फिनला सर्वत्र लागू पडेल असा स्वस्त पर्याय नाही. पण नियमन कडक झाले की पर्याय सापडतात, हेही मिथाइल ब्रोमाइडने दाखवून दिले आहे. ओझोनचा थर विरळ करणारा म्हणून हा वायू १९९२ मध्ये मॉन्ट्रियल कराराच्या कक्षेत आला. विकसित देशांनी २००५ पर्यंत आणि विकसनशील देशांनी २०१५ पर्यंत त्याचा नेहमीचा वापर थांबवायचा, असे ठरले. विलग्नवास (मालाबरोबर परकी कीड देशात येऊ नये म्हणून केलेली प्रक्रिया) आणि निर्यातपूर्व प्रक्रिया यांना सवलत राहिली, तरी युरोपीय संघाने २०१० पासून तीही आपल्याकडे बंद केली. दरम्यान उन्हाने माती तापवणे, कलमी रोपे, उष्णता देऊन लाकडाची प्रक्रिया, हवाबंद साठवण आणि नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड भरून कीड गुदमरवणे या पद्धती प्रत्यक्षात आल्या. पर्यायही तपासूनच घ्यावा लागतो, हे मिथाइल आयोडाइडने शिकवले : त्याला मिथाइल ब्रोमाइडची जागा देण्यास पन्नासाहून अधिक शास्त्रज्ञांनी लेखी विरोध केला असतानाही २००७ मध्ये अमेरिकेत त्याची नोंदणी झाली आणि अखेर २०१२ मध्ये उत्पादकाने ते तेथील बाजारातून मागे घेतले.

सैल धुरीकरणाचा फटका खुद्द धान्य साठवणाऱ्यालाही बसतो. फाटकी ताडपत्री आणि गळक्या कडा यांमुळे कीड मरण्याइतका वायू आत टिकत नाही. जगल्या-वाचल्या किडींची पिढी फॉस्फिनला दाद देईनाशी होते आणि मग गोळ्यांची संख्या वाढवली जाते. भुंगेरे आणि सोंडे यांच्या काही जातींत असा प्रतिकार अनेक देशांत नोंदला गेला आहे. बाहेर गळणारा वायू माणसाला बाधतो आणि आत कमी पडणारा वायू किडीला वाचवतो. दोन्हींवर एकच इलाज आहे, घट्ट आच्छादन आणि प्रत्यक्ष मापन. परवाना नूतनीकरणाच्या वेळी मागील वर्षातील मापनाच्या नोंदी दाखवणे बंधनकारक केले आणि नोंदी नसतील तर परवाना रोखला, तर या अटीची अंमलबजावणी करण्यासाठी वेगळे खाते उभारण्याचीही गरज पडणार नाही.

आपला,
एक वाचक